देवळालीचे कापरेकर मास्तर

बुद्धिदात्याच्या या उत्सवात एका मराठी गणितवेड्या शिक्षकाची ओळख परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच. मी जन्मभर हिशेबखात्यात आकड्यांत वावरलो. पण आकड्यांवर प्रेम कसे करावे हे मला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या चरित्राने शिकवले.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. आकडेमोडीची गोडी मुलाला तिथूनच लागली. ठाण्यात शालेय शिक्षण व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढचे शिक्षण झाले. १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढे १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तरकी केली.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची किमया मांडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, उदाहरणार्थ ३५२४. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुढे ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. फार तर सात पायऱ्यांत हाच आकडा येतो, आणि मग तो हलत नाही.

त्यांनी संख्यांच्या जातीही शोधल्या. मला सर्वांत आवडते ती १४२८५७. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे २०४०८ आणि १२२४४९ मिळवले की पुन्हा १४२८५७! ही झाली ‘कापरेकर संख्या’. तिच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने तिला निःशेष भाग जातो, म्हणून ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. शिवाय कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून १४२८५७ तयार होत नाही, म्हणून ती ‘स्वयंभू’ही. हे तिन्ही मी कागदावर पडताळून पाहिले आहे. स्वयंभू संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव आहे; गावाचे केवढे हे भाग्य!

पण हयातीत मास्तरांच्या वाट्याला उपेक्षाच जास्त आली. उच्च पदवी नाही, संशोधन छोट्या पुस्तिकांतून छापलेले. अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटे. तरी ते पदरमोड करून परिषदांना जात. १९६६ साली पत्नी निवर्तल्या. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

याचा उपयोग काय, असे कचेरीतले सहकारी मला विचारतात. कापरेकरांनी उपयोग पाहिला असता तर शोध लागलाच नसता. मान, पैसा, पद यांची वाट न पाहता त्यांनी आनंदासाठी काम केले. आपल्या मुलांना गुणपत्रिकेपलीकडचे गणित दिसावे, एवढीच माझी तळमळ. यंदा आरतीनंतर त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवा आणि चार अंक निवडायला सांगा. ६१७४ येईपर्यंत कोणी उठणार नाही!

॥ गणपती बाप्पा मोरया ॥