न्यायासनापुढे टोपी न काढणारा जॉर्ज फॉक्स

विषमता कायद्याच्या पुस्तकात असते, तशीच ती रोजच्या बोलण्यातही असते. कोणी कोणाला तू म्हणायचे, कोणी कोणाला तुम्ही म्हणायचे, कोणापुढे डोके उघडे करायचे, हे सारे ठरलेले असते आणि खालच्याने ते मुकाट पाळायचे असते. १७ व्या शतकातील इंग्लंडमध्ये हे पाळायला साफ नकार देणारा एक माणूस होऊन गेला. त्याचे नाव जॉर्ज फॉक्स. क्वेकर या नावाने जगाला ठाऊक असलेल्या पंथाचा तो प्रवर्तक होय.

फॉक्सचा जन्म १६२४ साली लेस्टरशायरमधील फेनी ड्रेटन या खेड्यात झाला. बाप विणकर. पोराला जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे कामाला ठेवले; तिथे त्याने मेंढ्याही राखल्या. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. १६४३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने घर सोडले. देशात राजा आणि पार्लमेंट यांची लढाई पेटलेली होती आणि हा तरुण मनातले प्रश्न घेऊन एकामागून एक पाद्री गाठत होता. एका पाद्र्याने तर त्याला तंबाखू ओढायचा आणि स्तोत्रे म्हणायचा सल्ला दिला! पंडितांकडे उत्तर नाही, हे त्याला कळून चुकले.

उत्तर त्याने स्वतःच शोधले. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाश आहे, असे तो सांगू लागला. प्रकाश प्रत्येकात असेल तर मध्यस्थ कशाला? ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला शिकला म्हणजे कोणी धर्मोपदेशक ठरत नाही, हे त्याचे ठाम मत होते. पाद्र्यांच्या पोटासाठी शेतकऱ्याकडून सक्तीने घेतला जाणारा उत्पन्नाचा दहावा हिस्सा देऊ नका, असेही त्याने सांगितले. पुरोहितशाहीच्या नेमक्या मुळावर त्याने घाव घातला होता.

पण खरी खळबळ माजली ती टोपीवरून. वरिष्ठ समोर आला की टोपी काढायची, ही त्या काळची रीत. फॉक्सने ती कोणासाठीही काढली नाही. इंग्रजीत तेव्हा वरच्याला आदरार्थी आणि खालच्याला एकेरी संबोधन असे. फॉक्स आणि त्याचे अनुयायी जमीनदारालाही एकेरीत बोलू लागले. यात उद्धटपणा नव्हता. मजुराला जो शब्द, तोच मालकाला, एवढाच हिशेब होता. शपथ घेणेही त्यांनी नाकारले, कारण खरे बोलणाऱ्याला शपथेची गरज नसते.

१६५० साली डर्बीला ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली त्याला तुरुंगात टाकले. ईश्वराच्या शब्दापुढे थरथर कापा, असे त्याने बजावले म्हणून तेथील न्यायाधीशाने चेष्टेने या लोकांना थरथरणारे, म्हणजेच क्वेकर, म्हटले. शिवी म्हणून दिलेले नाव पुढे पंथाची ओळख बनले. १६५६ मध्ये कॉर्नवॉलच्या लॉन्सेस्टन येथे तो खुद्द सरन्यायाधीशापुढे टोपी घालून उभा राहिला. दंड झाला, तो भरला नाही. तुरुंगाधिकाऱ्याला पैसे देणे बंद केले, तेव्हा घाणीने भरलेल्या कोठडीत त्याला डांबण्यात आले. टोपी मात्र उतरली नाही.

स्त्रियांनी धर्मसभेत बोलावे, हाही त्याचा आग्रह होता. १६५२ पासून त्याच्या चळवळीचा आधार बनलेल्या मार्गारेट फेल हिने तुरुंगातून स्त्रियांच्या या हक्काचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. ती १६६६ मध्ये प्रसिद्ध झाली. १६६९ साली विधवा मार्गारेटशी विवाह करताना, तिच्या मालमत्तेला आपण हात लावणार नाही, असे फॉक्सने मान्य केले. पत्नीचे सारे पतीचे, असा कायदा असलेल्या देशात ही लहान गोष्ट नव्हती.

टीकाकारही कमी नव्हते. रिचर्ड बॅक्स्टरने १६५५ मध्ये, भांडी दुरुस्त करणाऱ्या जॉन बनियनने १६५६ मध्ये क्वेकरांविरुद्ध लेखणी उचलली. अमेरिकेत धर्मस्वातंत्र्यासाठी झगडलेल्या रॉजर विल्यम्सनेही १६७६ मध्ये फॉक्सविरुद्ध ग्रंथ लिहिला. फॉक्सने १६५९ च्या एकाच ग्रंथात शंभराहून अधिक विरोधी पुस्तकांना उत्तरे दिली. टीकाकारांचा एक प्रश्न मात्र रास्त होता. जो तो आपापल्या अंतरातील प्रकाशाचा हवाला देऊ लागला, तर चूक कोणी दाखवायची?

हा प्रश्न जेम्स नेलरच्या रूपाने समोर आला. फॉक्सचा हा नामवंत सहकारी १६५६ मध्ये येशूसारखा ब्रिस्टल शहरात शिरला. पार्लमेंटने त्याच्या कपाळावर डाग दिला आणि तापल्या सळईने जीभ भोसकली. त्याआधी काही आठवडे एक्झेटरच्या तुरुंगात नेलर समेटासाठी चुंबन घ्यायला पुढे आला, तेव्हा फॉक्सने आपला पाय पुढे केला होता. कोणापुढे वाकू नका, असे सांगणाऱ्या माणसाने आपल्याच साथीदाराला असे वाकवावे, हे विसरता येत नाही.

त्याहून मोठी कसोटी १६७१ मध्ये बार्बाडोस बेटावर लागली. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकी गुलाम राबत होते आणि मालकांमध्ये क्वेकरही होते. फॉक्सने मालकांना सांगितले की गुलामांना धर्म शिकवा, दयेने वागवा, काही वर्षांनी मुक्त करा. पण गुलामगिरीच पाप आहे, असे तो म्हणाला नाही. उलट गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रात, आम्ही गुलामांना बंड शिकवत नाही, अशी ग्वाही देण्यात आली. न्यायाधीशापुढे न झुकलेला माणूस मळेवाल्यांपुढे नरमला, असेच म्हणावे लागेल.

१६९१ च्या जानेवारीत लंडनमध्ये फॉक्स वारला. त्याआधीच, १६८८ साली, पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन दिले होते. क्वेकरांच्या वरिष्ठ सभांनी ते बाजूला सारले. १७३८ मध्ये गुलाममालकांची उघड निर्भर्त्सना करणाऱ्या बेंजामिन ले याला पंथाने नाकारले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम ठेवण्यास पूर्ण मनाई केली ती १७७६ मध्ये. म्हणजे फॉक्सच्या मृत्यूनंतर ८५ वर्षांनी!

मग फॉक्सला मोठा म्हणायचे का? अवश्य म्हणावे. विणकराच्या या पोराने सामान्य माणसाला ताठ मानेने उभे राहायला शिकवले. परंतु त्याची पूजा करू नये. जर्मनटाउनच्या त्या चौघांनी त्याचाच प्रकाश हाती घेतला आणि जिथे तो थांबला होता तिथून पुढे पाऊल टाकले. टोपी न काढणे हे सुरुवातीचे बंड होते. मळ्यावर राबणाऱ्या माणसाची बेडी तोडल्याशिवाय ते पुरे होणार नव्हते.