आधी चांगलं व्हावं लागत नाही : पंडिता रमाबाईंची गोष्ट

आजचं वाचन : रोमकरांस पत्र ३:२१-२८



मागच्या महिन्यात माझी स्ट्रीक तुटली. बायबल ॲपवर सलग १४३ दिवस वाचन झालं होतं. मग आई आजारी पडली, दोन रात्री जागरण झालं, आणि तिसऱ्या दिवशी फोन उघडला तर आकडा शून्यावर. तुम्हाला हसू येईल, पण पुढचे चार दिवस मला प्रार्थनाच करवेना. देवासमोर कुठल्या तोंडानं जाऊ, असं वाटत राहिलं. मग मीच स्वतःला विचारलं, इतके दिवस मी कुणाच्या भरवशावर त्याच्याकडे जात होते? प्रभूच्या, की त्या १४३ च्या?

त्याच आठवड्यात पंडिता रमाबाईंची साक्ष पुन्हा वाचली. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात. पण विश्वासानं नीतिमान ठरणं म्हणजे काय, हे त्यांना किती उशिरा आणि किती कष्टानं कळलं, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहिते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आई लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवलं. हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जायचं आणि देवळात पुराण सांगायचं. उपास, पवित्र स्नानं, दानधर्म, यात त्यांनी कसलीही कसर ठेवली नाही. होता नव्हता तो पैसा त्यातच संपला. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि वडील, आई, मोठी बहीण एकामागून एक गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. या माणसांची भक्ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. माझ्या १४३ दिवसांपेक्षा ती कितीतरी खरी होती. पण इतकं करूनही, देव आपल्यावर प्रसन्न आहे का, याचं उत्तर रमाबाईंना मिळालं नव्हतं.

१८७८ मध्ये त्या कोलकात्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. पण धर्मशास्त्रं वाचत गेल्या तसं त्यांना दिसलं, की सगळे नियम पाळले तरी स्त्रीला स्त्री म्हणून मुक्तीचं दार उघडत नाही. पुढे भाऊ वारला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहममध्ये ख्रिस्ती भगिनी, समाजानं टाकून दिलेल्या बायकांची मायेनं काळजी घेताना त्यांनी पाहिल्या. असं का करता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई भेटली. जिच्या खात्यात पुण्य म्हणावं असं काहीच नव्हतं, तिच्याशी प्रभू स्वतःहून बोलला. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक साक्षी इथे संपतात. रमाबाईंची इथे संपत नाही.

बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या मनाला शांती नव्हती. अभ्यास होता, उपासना होती, सेवाही होती. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तरी आत ओझं तसंच. पुढे त्यांनीच ओळखलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. नियम बदलले होते, हिशेबाची वही तीच होती. आधी तीर्थं नि उपास लिहायचे, आता मंडळीचं सभासदत्व नि सेवा.

बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षं झाली तेव्हा त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र पडलं. स्वतःच्याच चर्चमध्ये उपदेश करत असताना ज्याला तारणाचा अनुभव आला, असा हा माणूस! पाळक असूनही याला आतापर्यंत ख्रिस्त भेटला नव्हता, तर मग माझं काय, हा प्रश्न त्यांना टोचला. मग त्या जशा होत्या तशा, पापी म्हणून, रिकाम्या हातांनी ख्रिस्ताकडे गेल्या. आधी चांगलं होऊन मग जायचं नसतं, जायचं ते तो चांगला आहे म्हणून, हे त्यांना उमगलं. पौल अब्राहामाविषयी हेच सांगतो ना? सुंता नंतरची, विश्वासानं नीतिमान ठरणं आधीचं.

आता तुमच्यातलं कुणीतरी विचारेल, की मग सत्कृत्यांना काही अर्थच नाही का? रमाबाईंची पुढची तीस वर्षं बघा. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात शारदा सदनचे मोठमोठे सल्लागार सोडून गेले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, तिथे शेकडो जणींना आसरा मिळाला. पुरुषांनी फसवलेल्या बायकांसाठी वेगळं घर झालं, त्याचं नाव कृपा सदन. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या.

यातलं काहीही देवाला खूश करण्यासाठी नव्हतं. तो खूश आहे, हे कळलेल्या बाईनं ते केलं. झाडाला फळं लागतात ती मुळं जिवंत असतात म्हणून. फळं बांधून मुळं जिवंत होत नाहीत.

पाचव्या दिवशी मी प्रार्थनेला बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून एवढंच म्हटलं, की माझ्याकडे आज दाखवायला काही नाही. आणि खरं सांगते, खूप महिन्यांनी मोकळं वाटलं. वाचन पुन्हा सुरू केलंय. फक्त आकडा दिसणं बंद करून टाकलंय.

तुमच्या वहीत काय लिहिलंय? आज ती मिटून बघा.

प्रार्थना : प्रभू येशू, आम्ही जसे आहोत तसे तुझ्याकडे येतो. आमच्या पुण्यावर नाही, तुझ्या कृपेवर आमचा भरवसा असू दे. आणि ज्यांना आसरा नाही, त्यांच्यासाठी आमचे हात मोकळे कर. आमेन.