कै. ताराबाई मोडक

रेवदंड्याच्या किंवा मुरूडच्या बाजूस सकाळी फिरावयास निघाले असता अंगणवाडीकडे चाललेली चिमुकली मुले दृष्टीस पडतात. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, तो आला कोठून हे कोणी विचारीत नाही. ह्याच सागरकिनाऱ्याच्या उत्तर टोकास, डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी, ज्या विदुषीने त्याचा पाया घातला, त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ साली ताराबाई पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. पण तो संसार टिकला नाही आणि १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. त्या काळी अशा स्त्रीस समाजात काय सोसावे लागे, हे आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस सांगणे नको. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे मुख्यपद त्यांनी स्वीकारले. परंतु गिजुभाई बधेका यांचा बालशिक्षणाचा प्रयोग त्यांस खुणावीत होता, म्हणून ते मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरास गेल्या.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. मानसशास्त्राची प्रसिद्ध प्रयोगशाळा विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे १८७९ साली काढली. तेथे मनुष्य आपल्या मनात डोकावून आलेला अनुभव सांगत असे. अडीच वर्षांच्या बालकास हे कसे साधावे? त्याचे मन जाणावयाचे तर त्याच्या वर्तनाचे निरीक्षण करणे हाच मार्ग उरतो. आणि निरीक्षणात पहिले पथ्य असे की, जे दिसले ते आणि त्यावरून आपण जे ताडले ते, ही दोन्ही निराळी ठेवावी. मूल रडते, हे निरीक्षण. मूल हट्टी आहे, हे अनुमान. आम्हां शिक्षकांस दुसऱ्याचीच घाई फार! रोम शहरी १९०७ साली गरिबांच्या मुलांसाठी बालगृह उघडणाऱ्या मारिया मोंटेसरीबाईंनी हे पथ्य कसोशीने पाळले, आणि भावनगरास ताराबाईंनी तेच अंगी बाणविले.

१९३६ साली दादर येथे शिशुविहार निघाले. तथापि मोंटेसरीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. १९४५ साली बोर्डीस आल्यावर ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने केली. परंतु खरी अडचण पुढेच होती. गावात बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकत ना. आईबाप बेफिकीर, मुले मंद, असे अनुमान कोणीही काढले असते. ताराबाईंनी ते बाजूस ठेवले आणि शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलांस न्हाऊ घालावे, गाणी म्हणावी, खेळ मांडावा. मुले जमू लागली. मुले तीच, घरेही तीच. बदलली होती ती शाळा. ह्यास प्रयोगशाळेतील काटेकोर प्रयोग म्हणता येणार नाही, कारण जागा, स्नान, गाणी हे सारे एकदम बदलले. त्यांतील कशाचा परिणाम किती, हे त्यावरून ठरत नाही. पण दोष मुलांच्या बुद्धीत नव्हता, एवढे मात्र स्पष्ट झाले.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले गुरांमागे जात. म्हणून शिक्षक कुरणात जाऊ लागला आणि कुरणशाळा झाली. थोरल्या बहिणी धाकट्यास कडेवर घेऊन बसत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. प्रत्येक वेळी आधी मूल काय करते हे पाहावयाचे, मग शाळेचे रूप ठरवावयाचे, असा त्यांचा क्रम होता.

१९६२ साली त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. बोर्डीपासून ताराबाईंच्या सोबत असलेल्या अनुताई वाघ कोसबाडचे काम पुढे चालवीत राहिल्या.