फक्त ६१७ मतं!

अर्ज मागे घे, पुढे सेफ सीट आणि वर पगारही देतो, अशी ऑफर आली तर तुम्ही काय कराल? स्कॉटलंडच्या केअर हार्डीने सरळ नकार दिला. दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला, युनियन बांधली म्हणून काम गमावलेला हा माणूस १८८८ मध्ये मिड लॅनार्कमधून लढला. मतं पडली फक्त ६१७! पण गडी थांबला नाही. १८९२ मध्ये वेस्ट हॅममधून तो खासदार झाला. १९०० मध्ये युनियन आणि समाजवादी गट एकत्र आले. पैसा युनियनच्या वर्गणीचा, दारोदार फिरायला बिनपगारी कार्यकर्ते. १९०६ मध्ये त्यांचे २९ खासदार निवडून आले आणि ब्रिटनचा लेबर पक्ष उभा राहिला. उद्या कुणाच्या प्रचाराला निघालात आणि तोंडावर दार आपटलं गेलं, तर ६१७ हा आकडा आठवा. आणि पुढची बेल वाजवा!