मोलेसर शास्त्री आणि सुतारमेटावरचे शब्द

डिक्शनरी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी रात्र-रात्र जागून पाठ केलेल्या शब्दांच्या याद्या! इंटरव्ह्यू झाला की यादी विसरली आणि पुस्तक ज्युनिअरच्या गळ्यात. पण अशा एका डिक्शनरीसाठी ज्यानं आपली उमेदीची वर्षं घातली, असा एक माणूस मला लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या कपाटात भेटला. त्याचं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. जुनी मराठी माणसं त्याला मोलेसर शास्त्री म्हणायची.

मोल्सवर्थचा जन्म १७९५ सालचा. १८१२ मध्ये, म्हणजे आपण अकरावी-बारावीत असतो त्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात आला. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि मराठी मुलखाचा कारभार कंपनीच्या हातात पडला. पण कारभार करायचा तर रयतेची भाषा कळायला हवी, आणि हाताशी होते ते कोश लहान आणि अपुरे. सोलापूरला पलटणीत असताना या पठ्ठ्यानं मराठी शब्द टिपायला सुरुवात केली.

सोलापूर वाचलं आणि माझे कान टवकारले. कारण माझं गाव मिरजगाव, कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं. म्हणजे गडी आमच्याच बाजूची बोली ऐकून तयार झालेला!

१८२५ च्या सुमारास सरकारनं हे काम अधिकृतपणे हाती घेतलं. मोल्सवर्थच्या जोडीला थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ आले आणि मराठी शास्त्री-पंडितांची मंडळी बसली. ना कॉम्प्युटर, ना एक्सेल शीट. शब्द गोळा करायचा, तो खरोखर वापरात आहे का हे तपासायचं, अर्थाच्या छटा लावायच्या आणि मग इंग्रजीत मांडायचं. १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते.

आता मुद्द्याचं सांगतो. शास्त्री-पंडितांनी केलेला कोश म्हणजे नुसते संस्कृत शब्द असतील असं मला वाटलं होतं. पण पानं उलटत गेलो तर आत अख्खं गाव कामाला लागलेलं! वाकस, किंकरं, रंधा, ओळंबा, गुण्या, भाता, ऐरण, सांडस, मोट, पाभर, तिफण. माझ्या आजोबांचं मिरजगावात सुतारमेट होतं. हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकत वाढलो. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये सरांनी ट्राय स्क्वेअर हातात दिला तेव्हा मी सहज गुण्या म्हणालो आणि आमची बॅच खो-खो हसली. ज्या शब्दाला पोरं हसली, त्याला या साहेबानं कोशात मानानं बसवलं होतं.

‘बलुतं’ हा शब्द तर जरूर काढून बघा. तिथं बारा बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत. ओळीला कास असंही म्हणायचे, आणि सुगीच्या धान्यातला वाटा त्याप्रमाणे ठरायचा. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार आणि मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. म्हणजे नांगर आणि फाळ करणारा पहिल्या ओळीत आणि पोथी वाचणारा तिसऱ्या! हे वाचून सुताराच्या नातवाची छाती फुगणारच. पण त्याच पहिल्या ओळीतल्या महार-मांगांना गाव वेशीबाहेर ठेवत होतं. कामाला पहिला नंबर आणि माणसाला शेवटचा, हा आपल्या गावगाड्याचा हिशोब एका शब्दाखाली दिसतो.

तिकडे इंग्रजीतही गंमत आहे. स्मिथ म्हणजे लोहार, राइट म्हणजे जुन्या इंग्रजीत घडवणारा कारागीर, थॅचर म्हणजे छप्पर शाकारणारा. कामं कारखान्यात गेली आणि शब्द आडनावापुरते उरले. आपल्याकडे वेगळं काय चाललंय?

मोल्सवर्थची गोष्ट १८३१ ला संपत नाही. तब्येत ढासळल्यामुळे १८३६ मध्ये तो मायदेशी गेला. धर्मानं तो फार कडक. शिपाईगिरी आपल्या ख्रिस्ती धर्मात बसत नाही असं त्याचं मन सांगू लागलं, तेव्हा त्यानं लष्कराचं पेन्शनसुद्धा नाकारलं. पुढे सरकारनं दुसऱ्या आवृत्तीसाठी बोलावलं म्हणून १८५१ मध्ये पन्नाशी ओलांडलेला हा माणूस परत आला. महाबळेश्वरला राहून त्यानं स्वतःचाच कोश पुन्हा तपासला, वाढवला. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली. आता शब्द झाले होते सुमारे साठ हजार! इथं आपण एकदा सबमिट केलेली जर्नल परत उघडत नाही. १८६० च्या सुमारास तो कायमचा इंग्लंडला गेला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिकडेच वारला. त्याची ही दुसरी आवृत्ती पुण्यात १९७५ साली पुन्हा छापली गेली आणि शिकागो विद्यापीठानं ती इंटरनेटवरही ठेवली आहे.

आमचं सुतारमेट आता बंद आहे. ज्वारीची पेरणी ट्रॅक्टरवर होते. ती सोयीचीच आहे, त्याबद्दल रडायचं कारण नाही. पण तिफणीच्या चाड्यातून तिन्ही नळ्यांत मुठीनं सारखं बी सोडणं हेही इंजिनिअरिंगच होतं, आणि त्यातल्या एकेका भागाला नाव होतं. नाव गेलं की ती युक्तीही डोक्यातून जाते. कोशात बरंच आलं, तरी तालुक्या-तालुक्यात वेगळे असणारे कितीतरी शब्द राहिलेच असतील.

तेव्हा दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक वही न्या. गावातल्या म्हाताऱ्या सुताराला, लोहाराला, गवंड्याला, कुंभाराला त्यांच्या हत्यारांची नावं विचारा आणि शेजारी स्केच काढा. ड्रॉइंग तर आपल्याला येतंच! परक्या मुलखातून आलेल्या माणसानं साठ हजार शब्द जमवले. आपण प्रत्येकी वीस जमवले तरी हॉस्टेलचा एक छोटा कोश होईल.