५५३ डॉलर, ६२ सेंट

मोडनिंबसारख्या गावात राहणाऱ्या माणसाने समुद्रावर लिहावे, हा तसा आगाऊपणाच. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि तालुक्याच्या एका अंगाला पसरलेले उजनीचे धरण. नाव पाहायची तर पंढरपुरात चंद्रभागेच्या काठावर, तीही आषाढी-कार्तिकीला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही बँकेतून निवृत्त झाल्यावर जे एक पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचले, ते एका खलाशाचे आहे. त्याचे नाव कॅप्टन जोशुआ स्लोकम. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. लोक त्याला त्या प्रवासासाठी ओळखतात. माझ्यासारख्या हिशेबनिसाला मात्र प्रवासाआधीचे तेरा महिने अधिक ओढून घेतात. त्या काळात तो एका कुरणात उभा राहून एक मोडकी होडी जोडत होता.

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, एका शेतावर झाला. पुढे कुटुंब ब्रायर बेटावर राहायला गेले. वडील कोळ्यांसाठी चामड्याचे बूट बनवत. स्वभावाने करडे. आईचे वडील त्याच बेटावर दीपगृहाचे रखवालदार होते. पोराला दहाव्या वर्षापासून बुटांना खिळे ठोकायला बसवले. त्याचे सारे लक्ष खिडकीबाहेरच्या शिडांकडे. एकदा त्याने चोरून लाकडाचे छोटे जहाज कोरले. वडिलांनी ते पाहिले, फोडून टाकले आणि पोरालाही बडवले. चौदाव्या वर्षी तो मासेमारीच्या गलबतावर स्वयंपाकी म्हणून पळून गेला, परत आला. १८६० मध्ये आई वारली आणि मग तो गेला तो कायमचाच.

शाळा जवळपास नाहीच. पण समुद्राच्या शाळेत पोराने भराभर इयत्ता गाठल्या. अठराव्या वर्षी दुय्यम अधिकारी, पंचविशीच्या आसपास कप्तान. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १८७१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात सिडनी बंदरात त्याने व्हर्जिनिया वॉकर या तरुणीशी लग्न केले आणि वधू सासरी न जाता थेट जहाजावर गेली. तेरा वर्षे तिचा संसार जहाजावरच झाला. सात मुले झाली, ती समुद्रावर नाही तर परक्या बंदरांत. त्यांतली चार जगली. कप्तानाच्या खोलीत पुस्तके होती, मुलांचे धडे होते. १८८१-८२ मध्ये तो नॉर्दर्न लाइट या देखण्या शीडजहाजाचा कप्तान आणि भागीदार झाला. बुटाला खिळे ठोकणाऱ्या पोराने याहून काय मिळवायचे असते?

पण भरती जशी येते तशी ओहोटीही येते. नॉर्दर्न लाइट सोडावे लागले; त्याने अ‍ॅक्विडनेक नावाचे लहान जहाज घेतले. २५ जुलै १८८४ रोजी व्हर्जिनिया ब्यूनस आयर्सच्या बंदरात, जहाजावरच वारली. वय अवघे चौतीस. मुलांनी पुढे लिहून ठेवले आहे की, त्यानंतर वडील सुकाणू तुटलेल्या जहाजासारखे झाले. १८८६ मध्ये त्याने आपल्या नात्यातल्या हेटी या चोवीस वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न केले आणि तिला घेऊन निघाला. मग संकटांची रांगच लागली. जहाजावर कॉलरा, देवी. खलाशांचे बंड, त्यात स्लोकमच्या गोळीने एक माणूस मेला. खटला झाला, स्वसंरक्षण मानून तो सुटला. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर अ‍ॅक्विडनेक वाळूच्या दांड्यावर चढले आणि फुटले. भांडवल बुडाले.

परदेशात, बायकामुलांसह, हातात पैसा नाही. या माणसाने फुटक्या जहाजाचे सामान आणि जंगलातले लाकूड घेऊन पस्तीस फुटी होडी बांधली. ती पाण्यात उतरली १३ मे १८८८ रोजी. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, म्हणून होडीचे नाव ठेवले लिबरदादे, म्हणजे स्वातंत्र्य. त्या होडीतून ५५ दिवस समुद्रात काढून कुटुंब अमेरिकेला पोचले. त्यानंतर हेटीने लांबच्या सागरी प्रवासाला रामराम ठोकला. तिला दोष देण्याची माझी तरी छाती नाही.

आता अडचण वेगळीच होती. वाफेची जहाजे आली होती. शिडाच्या जहाजावरचा निष्णात कप्तान म्हणजे आपल्याकडे मोटारी आल्यावर उरलेला टांगेवाला. पन्नाशीला टेकलेला हा माणूस बॉस्टनच्या गोदीत काम शोधत हिंडत होता. १८९२ च्या हिवाळ्यात त्याला इबेन पिअर्स नावाचे ओळखीचे वृद्ध कप्तान भेटले. देवमाशांच्या शिकारीवर आयुष्य घालवलेले. आपल्याकडे एक जहाज आहे, थोडी दुरुस्ती मागते आहे, ते देतो, असे ते म्हणाले. स्लोकम दुसऱ्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावी पोचला. पाहतो तो पाण्यापासून दूर, एका कुरणात, टेकू देऊन उभे केलेले, ताडपत्री पांघरलेले एक जुनाट गलबत! नाव स्प्रे. गावकरी ती इसवी सन १ मध्ये बांधल्याचे सांगत. पिअर्स कप्तान या लाकडाचे करणार काय, असा प्रश्न गाव सात वर्षे एकमेकांना विचारत होते. कप्तानांनी चांगलीच थट्टा केली होती. फक्त स्लोकमने ती थट्टा मानली नाही.

जवळच उभा असलेला ओकचा वृक्ष त्याने तोडला. त्यातून नवा कणा घडवला. आपल्या कोकणातले सुतार ज्याला पठाण म्हणतात तो. बरगड्यांसाठी सरळ फाटे वाफेच्या पेटीत घालून मऊ करायचे आणि साच्यावर वाकवून गार होईपर्यंत बांधून ठेवायचे. पेटीला वाफ पुरवायला आधण ठेवलेले एक भांडे. एकेक जुनी फळी काढायची, तिच्या जागी दीड इंच जाडीची पाइनची नवी फळी बसवायची. फटींत आधी कापूस, वर डांबरातला काथ्या ठोकायचा. देवमाशांच्या धंद्यातले म्हातारे कप्तान काठी टेकत यायचे, लाकडावर टिचकी मारून पाहायचे, आणि ही होडी बर्फाशीही टक्कर देईल असा शेरा देऊन जायचे. त्यांचाही धंदा बुडालेला होता. हे म्हातारे त्या कुरणात कशासाठी येऊन बसत असतील, हे निवृत्त माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पैसे संपले की स्लोकम बंदरातल्या जहाजांवर रोजंदारी करी आणि परत कुरणात येई.

तेरा महिन्यांनी स्प्रे तयार झाली. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. स्वतःचे श्रम सोडून खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. हे बासष्ट सेंट मला फार आवडतात. सगळे गमावलेला माणूस पै-पैचा हिशेब ठेवतो, तेव्हा त्याने अजून हात टेकलेले नसतात, हे आम्ही बँकवाले अनुभवाने ओळखतो. जुन्या होडीतले लाकूड जवळपास उरलेच नव्हते. मग ही होडी तीच की दुसरी? स्लोकमच्या मते तीच. तुकड्या-तुकड्याने बदलत गेलेले जहाज आपले नाव गमावत नाही. आपल्याकडे आजोबांच्या बैलगाडीची चाके बापाने बदलली, साटा नातवाने बदलला, तरी गाडी आजोबांचीच राहते, तसे. आणि बदलत होता तो काही होडीच नव्हे.

एक हंगाम मासेमारी करून पाहिली, जमली नाही. १८९३-९४ मध्ये डिस्ट्रॉयर नावाची एक युद्धनौका ब्राझीलला पोचवण्याची जोखीम घेतली, मोबदला बुडाला. अखेर २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो बॉस्टनहून एकटाच निघाला. सोबत नाही, इंजिन नाही. अचूक सागरी घड्याळ दुरुस्तीला पंधरा डॉलर मागत होते, म्हणून ते घरीच ठेवले आणि वाटेत एक डॉलरला पत्र्याचे घड्याळ घेतले. दर्शनी काच फुटलेली, म्हणून अर्धा डॉलर सूट! पुढे त्याचा मिनिटकाटा पडला. ते त्याने पाण्यात उकळले, आणि ते पुन्हा तास दाखवू लागले.

सुएझ कालव्यातून पूर्वेकडे जायचा बेत होता; पण जिब्राल्टरला इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांनी चाच्यांची भीती घातली, म्हणून तो उलटा फिरून दक्षिण अमेरिकेकडे वळला. उरुग्वेच्या किनाऱ्यावर होडी वाळूत रुतली आणि नांगर टाकायला गेला तर छोटी डोंगी उलटली. तेव्हा त्याला आठवले की, आपल्याला पोहता येत नाही! १८९६ च्या फेब्रुवारीत मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरला. तिथे एका कप्तानाने त्याला सतरंजीला ठोकायच्या टाचण्यांची पिशवी दिली होती. रात्री त्या डेकवर पसरून तो झोपला. अंधारात होडीवर चढलेले अनवाणी लोक किंचाळत पाण्यात उड्या टाकून पळाले. वाचताना हसू येते. पण आज हेही माहीत आहे की, गोऱ्या वसाहतींनी त्या मूळ रहिवाशांचे जगणेच हिरावून घेतले होते. त्यांची बाजू लिहिणारे त्या होडीत कोणी नव्हते.

पॅसिफिकमध्ये जमिनीपासून त्रेचाळीस दिवस दूर असताना त्याने चंद्राचे वेध घेऊन आपली जागा काढली. उत्तर शेकडो मैलांनी चुकले. माणूस सहसा स्वतःवर शंका घेतो. याने छापील कोष्टक तपासले. एका रकान्यात चूक होती. ती दुरुस्त केल्यावर आकडा त्याच्या अंदाजाशी पाच मैलांच्या आत जुळला. शाळा अर्धी सोडलेल्या माणसाचा हा ताळेबंद! स्प्रेचे दुसरे नवल म्हणजे सुकाणू बांधून ठेवले की ती आपली आपण सरळ चाले. हिंदी महासागरात कोकोस बेटांपर्यंतच्या २,७०० मैलांच्या टप्प्यात, तेवीस दिवसांत, तो सुकाणूवर जेमतेम तीन तास बसला. उरलेला वेळ वाचन, स्वयंपाक आणि शिडांची डागडुजी.

तो कोकोसला पोचला १८९७ च्या जुलैमध्ये. त्या वर्षी आमच्या सोलापूर जिल्ह्याने दुष्काळ सोसला, पुण्यात प्लेग होता, आणि आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली होती. तीच बार्शी लाइट पुढे १९०६ मध्ये पंढरपुरापर्यंत आली. म्हणजे आमच्याकडे वाफ येत होती, तेव्हा वाफेने हुसकलेला माणूस आमच्या दक्षिणेला शिडावर चालला होता.

२७ जून १८९८ रोजी, मध्यरात्रीनंतर, स्प्रे न्यूपोर्टच्या बंदरात शिरली. ४६,००० मैल, तीन वर्षे, दोन महिने. अमेरिकेचे स्पेनशी युद्ध चालू होते. त्या गडबडीत सुरुवातीला त्याची फारशी दखलही घेतली गेली नाही. काही दिवसांनी तो होडी घेऊन फेअरहेवनला गेला आणि ज्या खुंटाला ती पहिल्यांदा बांधली होती, त्याच खुंटाला परत बांधली. १९०० मध्ये त्याचे पुस्तक आले आणि ते आजही छापले जाते.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण हिशेब अपुरा राहील. प्रवासाच्या काळात हेटी आणि मुले नातेवाइकांच्या आधाराने राहिली. १९०२ मध्ये त्याने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले; जमिनीवर मन रमले नाही, आणि संसारही सैल पडत गेला. १९०६ मध्ये न्यू जर्सीत एका लहान मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. मूळचा गंभीर आरोप कमी झाला. उरलेल्याला त्याने विरोध केला नाही आणि ४२ दिवस तुरुंगात काढले. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना हे पान फाडून टाकण्याचा मोह होतो. खतावणीतले पान फाडण्याची सवय मात्र मला नोकरीने लावली नाही.

१९०८ च्या नोव्हेंबरात (काही जण १९०९ म्हणतात) तो जुन्या स्प्रेमधून एकटाच दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या शोधात निघाला. होडीची देखभाल आता पूर्वीसारखी नव्हती. तो पुन्हा कोणाला दिसला नाही, होडीही नाही. १९२४ मध्ये कायद्याने त्याला मृत ठरवले.

आपल्याकडे ही वाट उघडायला शंभरहून अधिक वर्षे लागली. १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून म्हादेई या होडीतून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. ती होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. तिथेही गोष्टीची सुरुवात पाण्यात नाही, काठावरच्या लाकडात आणि हातांत झाली.

मी नोकरीत अनेक कर्जप्रकरणे पाहिली. १८९२ साली एक्केचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस वर्षांचा, दिवाळखोर, नोकरी नसलेला एक माणूस कुरणातल्या मोडक्या होडीवर ५५४ डॉलर मागायला माझ्या टेबलासमोर बसला असता, तर मी काय केले असते? तारण शून्य, उत्पन्न शून्य, गावाचे मत प्रतिकूल. मी अर्ज नामंजूर केला असता, आणि नियमाने ते बरोबरच ठरले असते. अशा अर्जांवर मी सही केली आहे. त्यांतले एखादे कुरण आता कधी कधी झोपेत दिसते.

परवा पंढरपूरच्या गाडीला मोडनिंब स्टेशनवर उभा होतो. वेळ होता. स्टेशनबाहेर एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, जुन्या सायकलची साखळी काढून रॉकेलने धूत बसले होते. सायकल विकली तर भंगाराचाही भाव येणार नाही. मी काही बोललो नाही. पण गाडी येईपर्यंत त्यांच्याजवळ उभा राहिलो, फेअरहेवनच्या त्या म्हाताऱ्या कप्तानांसारखा.