तंबोरा सुरात ठेवणारे खाँसाहेब : अब्दुल करीम खाँ यांची आठवण

इंदापूर (प्रतिनिधी) : सध्या गावोगाव पहाटेचा काकडा सुरू आहे. वीणा, पखवाज, टाळ बाहेर निघालेत. अशा वेळी मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण काढायलाच हवी. येत्या २७ ऑक्टोबरला त्यांची पुण्यतिथी आहे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. घरात पिढीजात गाणं. तरुणपणी ते बडोदा संस्थानात गायक होते. तिथून मुंबई आणि पुढं आपल्या मिरजेला आले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मिरजेत प्लेगनं आजारी पडल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाण्याची सेवा केली आणि बरे झाले, असं जुने लोक सांगतात. शेवटपर्यंत त्यांचं घर मिरजेतच राहिलं.

त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. ज्यांचे अभंग आपल्या देवळाच्या भोंग्यावर रोज वाजतात, त्यांचं मूळ असं खाँसाहेबांपाशी जातं.

हत्यारांची पेटी कायम सोबत

खाँसाहेब नुसते गवई नव्हते. बीन, सारंगीही त्यांना वाजवता यायची. वाद्य दुरुस्तीची हत्यारं ते प्रवासात बरोबर ठेवायचे. तंबोरा नीट लागल्याशिवाय गायला तोंड उघडायचं नाही, ही त्यांची शिस्त. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचा अभ्यास करत होते, त्यांनाही खाँसाहेबांच्या कानाची मदत झाली.

मिरजेत तर वाद्याचे कारागीर दाराशीच. तलवारीला धार लावणारे शिकलगार तिथं सतारी, तंबोरे करू लागले. त्याला लागणारा भोपळा आपल्या भीमाकाठचा, पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतकऱ्यानं पिकवलेला. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपल्या वीणेचं काय?

तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते. त्यामुळं आपल्याकडं वीणा नाही असं गाव सापडायचं नाही. पण सप्ताह संपला की ती खुंटीला, नाहीतर पत्र्याखाली. पुढच्या वर्षी काढली की सूर लागत नाही, मग दोष वीणेकऱ्याला.

लाकूड आणि भोपळा पावसाळ्यात ओल धरतात, उन्हाळ्यात आक्रसतात. उन्हानं तार सैल पडते, पहाटेच्या गारठ्यानं चढते. म्हणून वीणा पत्र्याखाली नको, चुलीजवळ नको, गवसणीत घालून सावलीत ठेवावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसाव्यात, घामानं त्या गंजतात. गंजलेली तार बदलावी, ती सुरात येत नाही. टेम्पोतून न्यायची तर तारा थोड्या उतरवाव्यात. खुंटी घसरत असेल तर खडूची पूड लावावी. तेल लावू नये, तेलानं ती जास्तच घसरते.

घोडीवर तारेच्या खाचा पडल्या की आवाज बसतो. त्याला जवारी गेली म्हणतात. तारेखालचा दोरा थोडा मागंपुढं सरकवून बघावा. तरी आवाज खुलला नाही तर जवारी कारागिराकडूनच काढून घ्यावी. घरची कानस चालवली तर घोडी कायमची वाया जाते.

शेवटही सुरातच

१९३७ साली खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला रेल्वेनं निघाले होते. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमाल कोईल या छोट्या स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण टाकायला लावलं, तंबोरा लावून घेतला, दरबारी रागात देवाचं नाव घेतलं आणि तिथंच देह ठेवला, असं सांगितलं जातं. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तिथं गाण्याची सभा होते.

जीव जायच्या वेळीही ज्यांनी आधी तंबोरा लावला, त्यांच्या पुण्यतिथीला प्रत्येक भजनी मंडळानं गावची वीणा गवसणीतून बाहेर काढून एकदा तरी तपासावी.